बारा बरोबर, शून्य माहीत

पप्पा हरले. बाराच्या बारा प्रश्नांची उत्तरं बरोबर देऊन हरले, आणि त्यांच्या मागच्या खुर्चीत तोंडातून चकार शब्द न काढता बसलेली आई जिंकल्यात जमा होती.

असं काही घडलेलं नाही.

हे मी म्हणत नाही, वाहिनीचं पत्र म्हणतं. 'डोक्यात आहे' या प्रश्नमंजूषेचा असा कोणताही भाग चित्रित झालेला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याच्या आधी आम्ही तिघांनी एका करारावर सह्या केल्या होत्या, की चित्रित झालेल्या भागाबद्दल तो टीव्हीवर दिसेपर्यंत कुठंही अवाक्षर काढणार नाही. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. चित्रित झालेल्याबद्दल बोलायचं नाही, आणि चित्रित तर काही झालंच नाही. म्हणजे जे झालं नाही त्याबद्दल मला वाट्टेल तेवढं बोलता येतं. ओळखीच्या वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "तर्क बिनतोड आहे. पण तू मला विचारलं नाहीस आणि मी काही सांगितलं नाही."

तर जे झालं नाही ते असं.

बार्शीत कॉलेज रोडला आमचं 'धारूरकर झेरॉक्स' आहे. देश कागदविरहित झाल्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती, त्यामुळं आमच्याकडं गर्दी वाढली होती. कागद वापरत नसल्याचा पुरावा प्रत्येक कचेरीला दोन प्रतींत लागायचा. पप्पा, म्हणजे शिरीष धारूरकर, काउंटरवर रस्त्याकडं तोंड करून उभे असायचे. त्यांच्या पाठीमागं टेबलावर आई, म्हणजे वैजयंती धारूरकर, स्पायरल बाइंडिंग करायची. आलेल्या गठ्ठ्याची पानं लावायची, दहा-दहा पानं मशीनमध्ये सरकवायची आणि दांडा दाबायची. खटक. पुढची दहा. खटक. चोवीस वर्षं आमच्या दुकानात हा आवाज होता. मी त्याच्यावरच झोपायला शिकलो.

पप्पांना सगळं गाव 'धारूरकर सर' म्हणतं. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. पण कुणालाही काहीही अडलं की माणूस आमच्या काउंटरवर. सगळ्यांच्या फोनमध्ये सर्वज्ञ मदतनीस होते, तरी लोक पप्पांना विचारायचे. फोन अकरा उत्तरं द्यायचा आणि वर म्हणायचा, तज्ज्ञांचा सल्ला घ्या. लोक तो सल्ला घ्यायला आमच्याकडं यायचे.

"सर, नॉन-क्रिमिलेअर किती वर्षाचं काढू ओ?"

पप्पांना मोठ्यानं विचार करायची सवय. "एक वर्षाचं..." खटक. "दोन..." खटक. "तीन वर्षाचं..." इथं क्षणभर काहीच नाही. "तीन वर्षाचं काढ. पळ."

खटक.

हे मी आता असं लिहितोय. त्या वेळी मला फक्त "तीन वर्षाचं काढ" एवढंच ऐकू यायचं. पप्पांनाही तेवढंच ऐकू यायचं. एकदा आई भावाच्या घरच्या लग्नाला चार दिवस गडहिंग्लजला गेली होती. त्या चार दिवसांत पप्पांनी एकाला चुकीचा अर्ज दिला, दुसऱ्याला चुकीच्या कचेरीत धाडलं आणि तिसऱ्याला सांगितलं की लीप वर्ष दर तीन वर्षांनी येतं. आम्ही डॉक्टरकडं नेऊन त्यांचं बीपी तपासलं. ते थोडं वाढलेलं निघालं, आणि सगळ्यांचं समाधान झालं.

आता पट्टीबद्दल.

गर्दीत कुणी तुमचं नाव घेतलं, तर मान वळायच्या आधीच मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. साधारण एक तृतीयांश सेकंदात. समोर आलेली गोष्ट ओळखीची आहे, आपल्या कामाची आहे, असं मेंदूला वाटलं की ती उठते. तुम्हाला स्वतःला ते नीट जाणवण्याच्या आधी उठते. शास्त्रज्ञांना ही लाट कित्येक दशकं माहीत होती. फक्त ती बघायची तर डोक्याला चिकट लेप फासून तारा लावायला लागायच्या आणि बिचाऱ्या माणसाला तीच गोष्ट पन्नास वेळा दाखवायला लागायची. नव्या पट्टीनं एवढंच केलं, की कोरड्या कपाळावर, एकाच खेपेत ती लाट पकडली. पट्टीला मनातलं वाचता येत नाही. तुम्ही सासूबद्दल काय विचार करताय ते तिला कळत नाही. तिला इतकंच कळतं, की हे तुमच्या ओळखीचं आहे की नाही.

पट्टी आधी पोलिसांनी मागितली. न्यायालयानं नकार दिला. जे न्यायालयात चालत नाही ते आपल्याकडं टीव्हीवर चालतं, त्यामुळं ती 'डोक्यात आहे'मध्ये आली. त्याआधीच्या सगळ्या प्रश्नमंजूषा कानात मावणाऱ्या यंत्रांनी बुडवल्या होत्या; स्पर्धकाच्या कानात तांदळाएवढा फोन सापडायचा. नवा नियम सोपा होता. उत्तर बरोबर पाहिजे आणि बरोबर पर्यायाला, फक्त त्यालाच, पट्टीवर लाटही दिसली पाहिजे. दिसली तर हिरवा दिवा, 'माहीत'. नाही दिसली तर लाल दिवा, 'अंदाज'. अंदाजाला गुण नाहीत. दिवे मात्र बाराही प्रश्न संपल्यावर एकदम लागायचे, म्हणजे जाहिराती नीट बसतात. स्पर्धकाच्या मागं त्याचा जोडीदार बसायचा. त्यानं बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि त्यालाही पट्टी. शेवटी जोडीदाराला काय काय माहीत होतं हे दाखवून लोकांना हसवायचं, म्हणून.

पप्पांची निवड झाली. मग गावानं काय करायचं ते केलं. ते मुंबईला जायच्या आदल्या दिवशीच चौकात फ्लेक्स लागला: 'ज्ञानाचा महामेरू, बार्शीची शान, मा. शिरीष सर यांचे विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली बावीस शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले फोटो. बक्षिसाच्या गाडीचाही फोटो होता, तोही पप्पांच्या फोटोपेक्षा मोठा.

"अहो, अजून जायचंय," आई म्हणाली.

"जाऊन यायचंच आहे फक्त," पप्पा म्हणाले.

चित्रीकरणाला आमच्या आधी दोन स्पर्धक होते. धुळ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी डोक्याला इतकं खोबरेल लावलं होतं, की त्यांची पट्टी पाचव्या प्रश्नाला घसरून नाकावर आली आणि पुढचे सात प्रश्न यंत्रानं त्यांच्या नाकाला विचारले. नाकाला काही माहीत नव्हतं. दुसरी एक हुशार मुलगी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. तिला प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांना लाट यायची. चौकशी केल्यावर कळलं, की तिनं गाइडमधले प्रश्न पर्यायांसकट पाठ केले होते. तिला चुकीची उत्तरंसुद्धा मनापासून माहीत होती. दोघंही घरी गेले.

मग पप्पा. मी प्रेक्षकांत बसलो होतो. दुकानाबाहेर आल्यामुळं आईच्या हातांना काही काम नव्हतं. तिनं या प्रसंगासाठी नवी पर्स घेतली होती, टिचबटणाची. ती मांडीवर घेऊन बसली.

"मधमाशीला डोळे किती असतात? दोन, तीन, पाच की आठ?" सूत्रसंचालकांनी विचारलं.

पप्पांनी नेहमीसारखा मोठ्यानं विचार केला. "दोन म्हणावं तर... तीन... पाच..." थांबले. "पाच."

बरोबर.

कोणत्या ग्रहावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो? पप्पांनी बुध म्हणून पाहिलं, मंगळ म्हणून पाहिलं, शुक्रावर थांबले. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुमचे कोण?" मी म्हणालो, "वडील." त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही वाटत तसे."

बारावा प्रश्न तर देवानंच धाडलेला. ए-फोर कागदाची लांबी किती मिलिमीटर?

पप्पा हसले. चोवीस वर्षांत किती ए-फोर त्यांच्या हातून गेले असतील. तरी सवयीप्रमाणं त्यांनी पर्याय म्हणून दाखवले. "दोनशे ऐंशी... दोनशे नव्वद... दोनशे सत्त्याण्णव. दोनशे सत्त्याण्णव."

बरोबर. बारा बरोबर. कागदाचे तुकडे वरून पडायला लागले. मग दिवे लागले.

लाल. लाल. लाल. बाराही लाल. ए-फोरसुद्धा लाल.

वरून अजून कागद पडत होते. ते बंद करायचं बटण कुणाला सापडेना.

आम्हाला मेकअपच्या खोलीत बसवलं. पट्टीवाल्या शास्त्रज्ञ, डॉ. कल्याणी भोगावकर, आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांच्याबरोबर साऊंडचे मुजावर होते, गळ्यात मोठे हेडफोन अडकवलेले.

"काका, तुम्हाला कुणी खूण करत होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोण करणार? मागं तर ही होती."

"म्हणून तर विचारतेय."

पप्पांना खरंच हसू आलं. "हिला काय माहीत असणार ओ?"

डॉक्टरांनी हातातला टॅब्लेट टेबलावर ठेवला. आईच्या पट्टीचे दिवे. हिरवा, हिरवा, हिरवा. बाराही हिरवे.

खोलीतला पंखा फिरत होता. पप्पांनी आधी टॅब्लेटकडं बघितलं, मग आईकडं, मग परत टॅब्लेटकडं. टॅब्लेटकडं बघणं त्यांना सोपं जात असावं.

"तुला माहीत होतं?"

"मला कुठं काय माहीत," आई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. "मी तर तुमच्या सदऱ्याची मागची कॉलर दुमडलीये, ती सरळ करावी की नको, एवढंच बघत होते."

मुजावर म्हणाले, "काकू, माफ करा, पण तुमच्या पर्सनं माझा जीव घेतलाय. टिक-टिक, टिक-टिक. म्हटलं साफ करून टाकू आवाज. तर बघतो काय, दर प्रश्नाला ती एकदा थांबतीये. ऐका." त्यांनी ऐकवलं. पप्पांचा आवाज: दोन म्हणावं तर. टिक. तीन. टिक. पाच. आणि पुढं काही नाही.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बरोबर पर्याय कानावर पडला की काकूंच्या मेंदूत लाट उठते. त्याच्यानंतर पाव सेकंदानं काकूंचं बोट बटणावर थबकतं. ओळखीचं काही दिसलं की हात थांबतातच, सगळ्यांचे थांबतात. त्याच्यानंतर एका सेकंदानं काकांना वाटतं, हेच उत्तर. काकूंना आपण थांबल्याचं माहीत नाही. काकांना आपण ऐकल्याचं माहीत नाही. "लबाडी कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीत एक घोडा होता. तो गणितं सोडवायचा. पाच आणि तीन किती विचारलं, की टाप आठ वेळा आपटायचा. मोठमोठे विद्वान बघायला यायचे. शेवटी कळलं, की आठवी टाप पडली की विचारणाऱ्या माणसाचे ताणलेले खांदे नकळत सैल पडतात, आणि घोडा ते बघून थांबतो. घोड्याला गणित येत नव्हतं. त्याला माणूस येत होता."

पप्पांनी टॅब्लेट उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी घोडा."

"नाही नाही काका, तसं नाही."

"मग कसं?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसंच आहे," त्या म्हणाल्या.

आईला हे सगळं कुठून माहीत, हा प्रश्न मुजावरांना पडला होता. मला पडला नाही. चोवीस वर्षं अख्ख्या तालुक्याच्या नोट्स, गाइड, प्रबंध, शासननिर्णय आणि अर्जांचे नमुने तिच्या हाताखालून गेले होते. पानं क्रमानं लागलीत का हे बघायला ती प्रत्येक पानावर नजर टाकायची. ए-फोरची लांबी तर प्रत्येक रिमच्या वेष्टनावर छापलेली असते. ते वेष्टन आई फोडते. पप्पांच्या हातात नुसता कागद येतो.

नियम समितीनं तीन दिवस खल केला. स्पर्धकाला माहीत नव्हतं, म्हणून तो जिंकला नाही. जोडीदाराला माहीत होतं, पण ती स्पर्धक नव्हती. फसवणूक म्हणावी तर फसवणाऱ्यालाच पत्ता नाही. हे असं टीव्हीवर दाखवलं, तर उद्या प्रत्येक घरात पट्टी लावून बसतील, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. शेवटी ते पत्र आलं, की असा भाग झालेलाच नाही.

बार्शीत मात्र तो व्हायचा होता. करारामुळं आम्हाला बोलता येईना. लोक विचारायचे, "सर, कधी दाखवणार?" पप्पा म्हणायचे, "बघू." लोक डोळा मारायचे. फ्लेक्स तसाच होता.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी कोठावळे आजोबा आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "सर, हयातीचा दाखला कधीपर्यंत द्यायचा असतो ओ?"

"ऑक्टोबर..." पप्पा म्हणाले, आणि थांबून कान देऊन ऐकायला लागले. मागं आईला कळलं, की ते ऐकतायत. तिनं घाबरून दांड्यावरचा हात काढला. दुकानात चिडीचूप. आणि चिडीचूप म्हणजे तर बरोबर.

"ऑक्टोबर... नोव्हेंबर..." चिडीचूप. "डिसेंबर." चिडीचूप. सगळेच महिने बरोबर होते. पप्पांनी कपाळ पुसलं आणि शेवटचा सांगितला.

जानेवारीत आजोबा काठी टेकत परत आले. "सर, नोव्हेंबर होता. तुमच्यामुळं मी महिनाभर मेलो होतो की ओ." ते रागावले नव्हते. "म्हटलं, सरांनी सांगितलंय म्हणजे मेलोच असेन. कालच जिवंत केलं त्यांनी, दोन प्रती घेऊन."

पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

आम्ही काहीच केलं नाही असं नाही. आईनं न थांबता पंचिंग करत राहायचं ठरवलं. त्या नादात तिनं एका प्राध्यापिकेच्या प्रबंधाला चारही बाजूंनी भोकं पाडली. मग मी म्हणालो, एवढं कशाला, आईलाच काउंटरवर उभी करू. तिला सगळं येतंच आहे. पप्पांनी स्वतः तिला स्टूल पुसून दिलं. ती उभी राहिली. कॉलेजचा एक पोरगा आला. "काकू, डोमिसाइलला काय काय जोडायचं?"

आई त्याच्याकडं बघत राहिली. "थांब हं बाळा," ती म्हणाली, आणि पंधरा मिनिटांनी तो पोरगा गेला.

मी डॉ. कल्याणींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. सिनेमातल्या नटाचं नाव जिभेवर असतं पण येत नाही. कुणी चार नावं घेतली की लगेच कळतं, हाच. तुमच्या आईला ओळखता येतं. आठवायला कुणीतरी समोर चार नावं टाकावी लागतात. ती टाकायचं धाडस तुमच्या वडिलांचं होतं. निम्मं यंत्र यांच्यात, निम्मं त्यांच्यात."

"मग परत जोडता येईल?"

"त्यांना ते माहीत नसतं तोवर जोडलेलंच होतं. जिना उतरताना पायाकडं लक्ष दिलं की माणूस पडतो ना, तसं आहे. माझ्याकडं ओळखायचं यंत्र आहे, विसरायचं नाही." मग म्हणाल्या, "सॉरी रे."

मी घरी येऊन आईला पर्याय वाचून दाखवले. ती डोळे मिटून बसली. "आता सगळंच ओळखीचं वाटतंय," ती म्हणाली. "आणि काहीच नाही."

शेवटचा उपाय माझा होता, आणि तो मला अजून सलतो. एका दुपारी आई घरी होती. मी मागच्या टेबलावर बसलो. म्हटलं, मीच पंचिंग करतो. गिऱ्हाइकाचा प्रश्न फोनमध्ये बघायचा आणि बरोबर उत्तराला हात थांबवायचा. पप्पांना काय कळतंय. एक माणूस आला, त्यानं काहीतरी विचारलं. पप्पा पाठमोरे. "पंधरा दिवस..." खटक. "तीस दिवस..." खटक. "पंचेचाळीस..." मी थांबलो. अगदी पाव सेकंद.

पप्पांनी काउंटरवरचे हात मागं घेतले. मग गिऱ्हाइकाला म्हणाले, "मला माहीत नाही ओ. कचेरीत विचारा." तो गेल्यावर मागं न वळता मला म्हणाले, "पुष्कर, ऊठ तिथून. हा हात तुझ्या आईचा नाही."

चोवीस वर्षं जे ऐकलंच नव्हतं, ते त्यांना इतकं पाठ होतं.

त्यानंतर घरात दोघं एकमेकांशी नव्यानं ओळख झाल्यासारखे नीट बोलायला लागले. आमच्याकडं आधी कुणी नीट बोलत नसे. पप्पा भाजी आणायला जाताना विचारायचे, "दोडका आणू का?" आणि तिच्या हातांकडं बघायचे. ती हात पदराखाली घ्यायची. मग ते काहीच न आणता परत यायचे. संध्याकाळी स्टीलची पट्टी घेऊन ए-फोर कागद मोजत बसायचे. दोनशे सत्त्याण्णव. कागद उलटा करून परत मोजायचे.

एकदा मोजता मोजता म्हणाले, "वैजू, मी तुला बघायला आलो होतो तेव्हा."

"काय तेव्हा?"

"तू ट्रे घेऊन आलीस. कपबश्या वाजत होत्या. मी तिथल्या तिथं म्हणालो, मला पसंत आहे. घरी विचारून कळवतो म्हणायचं ठरलं होतं, तरी म्हणालो. आयुष्यात एवढं एक मी स्वतः ठरवलं असं समजत होतो." पट्टी खाली ठेवली. "मी म्हणायच्या आधी कपबश्या वाजायच्या थांबल्या होत्या का?"

आईनं खरंच खूप विचार केला. तिला मदत करायची होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मी ट्रे टेबलावर ठेवला होता," ती म्हणाली. "थांबणारच की."

पप्पांनी मान हलवली. त्यातून त्यांना काहीच उलगडलं नाही. तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करार बाहेर काढला. अर्ज लिहिणं ही पप्पांची खरी कला. अर्ज ते पर्याय न म्हणता लिहितात. मी लिहून घेत होतो, आई मागं टेबलाशी होती. "कलम क्रमांक..." पप्पा म्हणाले. "बारा..." आणि गप्प झाले. मी आईकडं बघितलं. तिचा हात दांड्यावर होता. तो खाली यावा की वर राहावा, हे तिला कळत नव्हतं. पप्पा पाठमोरे उभे होते, खांदे ताणून. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला. हात तिथंच राहिला.

"जागा सोड कोरी," पप्पा म्हणाले.

कराराचं पान उघडून मी चौदा घातलं. अर्जाची शेवटची ओळ आईनं सांगितली. दुकानात तिनं स्वतःहून काही सांगितल्याची ही पहिलीच वेळ. अर्ज दोन प्रतींत रजिस्टरनं पाठवला आहे. तो असा:

प्रति,
मा. कार्यक्रमप्रमुख,
'डोक्यात आहे' विभाग.

विषय : आपल्या मालकीची माहिती आमच्या घरातून परत नेण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या करारातील कलम १४ अन्वये चित्रीकरणाच्या ओघात सहभागींना प्राप्त झालेली सर्व माहिती ही आपली मालमत्ता आहे. सदर चित्रीकरणात (जे झालेले नाही) आम्हास पुढील माहिती प्राप्त झाली : (१) अर्जदारास काहीही माहीत नाही. (२) अर्जदाराच्या पत्नीस सर्व माहीत होते.

सदर माहिती आम्ही मागितली नव्हती. ती जशी मिळाली तशीच ठेवली आहे. तिची एक प्रत अर्जदाराच्या डोक्यात व एक प्रत पत्नीच्या डोक्यात असून, मुलाकडे एक झेरॉक्स आहे. आपली मालमत्ता आमच्याकडे विनाकारण पडून असल्याने दुकानाच्या कामकाजात अडथळा येत आहे.

तरी आपल्या सोयीच्या दिवशी अधिकृत प्रतिनिधी पाठवून तिन्ही प्रती घेऊन जाव्यात. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडे असते. गुरुवारी बंद. सोबत टिचबटणाची पर्स (नग १) जमा करीत आहोत.

माहिती नेल्याची पोच कृपया देऊ नये, ही नम्र विनंती.